भट्टीकडून येणारा वारा

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आज लॉजवाल्याने सगळ्या चादरी परत पाठवल्या. वर निरोप — "मावशी, धुवायला दिल्या होत्या, रंगवायला नाही." त्याचा ड्रायव्हर हसत हसत सांगत होता. मी नाही हसले.

गच्चीवर जाऊन वाळत घालायच्या दोरीवरून बोट फिरवलं. बोट काळं. सकाळीच पुसली होती दोरी.

परत धुतल्या. या वेळी आतल्या खोलीत पंख्याखाली टाकल्या. आता खोलीत पाय ठेवायला जागा नाही आणि ह्यांना दमट हवा सोसत नाही. इस्त्री करता करता खोकला आला तो थांबेचना. इस्त्री उभी करून टेबलाला धरून उभे राहिले. मी पाठीवरून हात फिरवला तर म्हणतात, "वाफ गेली घशात." वाफ! लग्न झाल्यापासून बघतेय, हा माणूस वाफेतच उभा आहे. वाफेला आत्ताच काय धाड भरली?

भट्टी सुरू झाल्यापासूनचा हा दुसरा हिवाळा. तिच्या कमानीवर 'कचऱ्यापासून वीज' असं लिहिलंय. आमच्या गल्लीत सगळे भट्टीच म्हणतात. साऱ्या शहराचा कचरा तिथे जळतो आणि थंडीत वारा पडला की धूर आमच्यावर येऊन बसतो, फुकट्या पाहुण्यासारखा. उठायचं नाव नाही.

आणि त्या भट्टीत आमची लेक नोकरीला आहे. पर्यावरण अधिकारी. नोकरी लागली तेव्हा मीच अख्ख्या गल्लीत सांगत फिरले होते. आता गिऱ्हाईक धुराबद्दल बोलायला लागलं की मी कपड्यांच्या घड्या मोजते.

१९ नोव्हेंबर, रविवार

चिऊ येऊन गेली. एकटीच. ठकीला आणलं नाही. "तिचा अभ्यास आहे, आई." बालवाडीतल्या मुलीला कसला आलाय अभ्यास? मागच्या वेळी ऊन होतं. त्याच्या आधी कुणाचा तरी वाढदिवस. नातीला भेटायचं तर आम्हीच जायचं, टेकडीपलीकडे कंपनीच्या क्वार्टरमध्ये. तिकडे झाडं, हिरवळ, झोपाळा. तिकडे वारा भट्टीकडून कधीच येत नाही. जावई सोडून गेल्यापासून मायलेकी दोघीच राहतात तिथे.

चादरींचं सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"आई, गेटबाहेरचा बोर्ड बघतेस ना तू? सगळे आकडे हिरवे असतात. मर्यादेच्या आत."

"बोर्ड हिरवा असतो गं. माझ्या चादरी काळ्या असतात."

"रस्त्याची धूळ असेल. ट्रकचा धूर असेल."

ट्रक कुणाचे? कचऱ्याचेच. तिच्याच दारात जातात. हे जीभ सोडून ओठांपर्यंत आलं होतं, तेवढ्यात हे म्हणाले, "आठवड्यातून एकदा येते पोरगी. तिला सुखाने चहा पिऊ दे." मी तिच्या कपात अजून चहा ओतला.

ती गेल्यावर ह्यांना परत खोकला आला. मी खिडकीतून खाली पाहिलं. ती फाटकापाशी थांबली होती. ऐकत होती. मग गाडीला किल्ली लावली आणि गेली.

२२ नोव्हेंबर

लॉज गेला हातचा. नदीपलीकडच्या लाँड्रीकडे देतात आता. तिकडे गच्चीवर वाळवता येतं म्हणे.

२ डिसेंबर, शनिवार

छातीच्या डॉक्टरांकडे. बाई वयाने चिऊएवढ्याच. ह्यांना एका नळीत फुंकायला लावलं. "फुंका, अजून, अजून, थांबू नका." ह्यांचा चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, आणि पडद्यावरची रेघ दोन बोटं चढून आडवी. हे म्हणतात, "शाळेत असताना बासरी वाजवायचो, डॉक्टर. खरं वाटणार नाही तुम्हाला." डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फुप्फुसं निम्मीच काम करतायत. जागा बदलता येईल का?"

जागा! घर वर, दुकान खाली. जागा म्हणजे काय अंगातला सदरा आहे?

मी विचारलं, कशामुळे झालं?

"तसं एक कारण सांगता येत नाही. वय आहे. इस्त्रीची वाफ, तुमची धुलाईची रसायनं. हवा."

"ते शेवटचं कागदावर लिहून द्याल?"

पेन थांबलं. "ते सिद्ध करता येत नाही हो. मी 'श्वसनाचा जुना विकार' असं लिहिते."

आम्ही उठलो तर त्या दारापर्यंत आल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या भागातले बरेच पेशंट येतात माझ्याकडे. लहान मुलं जास्त." हे टेबलामागे बसून नाही सांगता आलं. दारात सांगितलं, चप्पल घालताना.

औषधवाला म्हणाला, "हा श्वासाचा पंप संपलाय. उद्या मागवतो. हल्ली टिकतच नाही." धंदा चालतोय म्हणून लाजल्यासारखा हसला. चला, एक जण तरी लाजला.

९ डिसेंबर, शनिवार

आज भट्टी आतून पाहिली!

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ओढून नेलं. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर गल्लीची समिती काढली. कंपनीला दुसरी भट्टी बांधायचीय, पहिलीच्या शेजारी. म्हणून लोकांना प्रेमाने बोलावून दाखवतात. डोक्यावर टोप्या दिल्या. आणि दाखवायला समोर कोण? चिऊ. हातात माइक.

मला बघून एकदा पापणी हलली. बस्स.

कचऱ्याचा खड्डा काचेतून पाहिला. तीन मजली असेल. वरून एक लोखंडी पंजा उतरतो, मूठभर कचरा उचलतो — मूठभर म्हणजे आमचं दुकान मावेल एवढा — आणि भट्टीच्या तोंडात सोडतो. गाद्या, पिशव्या, चपला, एक बाहुली. काचेच्या अलीकडे मात्र वास नाही, आवाज नाही. सगळं गारेगार.

चिऊचा आवाज निराळाच होता. निवलेल्या इस्त्रीसारखा, सपाट, सगळीकडे सारखा फिरणारा. "साडेआठशे अंशांच्या वर घातक वायू शिल्लक राहत नाहीत. नंतर धूर तीन गाळण्यांमधून जातो."

वरच्या बाईंनी हात वर केला. "भट्टी बंद करून परत पेटवता, तेव्हा तापमान कमी असतं. तेव्हाचं काय?"

"ते आकडे सरासरीत धरत नाहीत."

"म्हणजे सगळ्यात घाण धूर तुम्ही मोजतच नाही?"

"मोजतो. धरत नाही. नियमच तसा आहे."

मला हसू फुटलं. मोठ्याने. मलाच कळलं नाही कुठून आलं. सगळे वळून बघायला लागले. चिऊ माझ्याकडे बघून म्हणाली, "कृपया पुढे चला." कृपया! पोटच्या पोरीने आईला कृपया म्हटलं.

बाहेर येऊन वर पाहिलं, मान मोडेपर्यंत. लहानपणी हे तिला चिमणी म्हणायचे, त्याचं चिऊ झालं. एक चिमणी आम्ही वाढवली, एक तिच्या कंपनीने. त्यांची जास्त उंच झाली.

१० डिसेंबर, रविवार

आली ती तणतणतच.

"तिथे हसायची काय गरज होती तुला? माझे साहेब होते मागे."

मी म्हटलं, नियम ऐकून हसले. तुला नाही हसले.

मग तिने ऐकवलं. सगळं लिहून ठेवते, कारण त्यातलं काही खरं आहे. "कचरा कुठे टाकायचा, तू सांग. आधी डेपोत ढीग पेटायचे तेव्हा धूर नव्हता? तेव्हा वरच्या बाईंनी समिती नाही काढली. तू कपडे ज्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून देतेस ना आई, त्या कुठे जातात? माझ्याकडे येतात. तुमचं नको असलेलं सगळं माझ्याकडे येतं, आणि वर मीच वाईट."

 त्यातलं काही खरं होतं म्हणूनच राग आला. आणि रागात जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"ठकीला इकडे का आणत नाहीस?"

 ती पर्सचा बंद नीट करत राहिली.

"ऊन नसतं, अभ्यास नसतो, मला कळत नाही असं वाटतं का तुला? का आणत नाहीस ते तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

"पुरे," हे म्हणाले. आणि खोकायला लागले. त्या खोकल्यात ती उठून गेली.

नंतर ह्यांनी मला बजावलं. जानेवारीत दुसऱ्या भट्टीची सुनावणी आहे, वरच्या बाई तुला बोलायला लावतील, तू जायचं नाहीस. "पोरीच्या पोटावर पाय आणशील. तिला कुणी आहे का आपल्याशिवाय?"

आणि आपल्याला?

२८ डिसेंबर, गुरुवार

चार ओळी लिहिते. 

काल सकाळपासून तो वास. प्लास्टिक जळल्याचा आणि वर काहीतरी गोड, घशात चिकटणारं. धुकं आणि धूर वेगळे दिसेनात. गेटवरचा बोर्ड काळा, 'देखभालीसाठी बंद'. दुपारी ह्यांचे ओठ निळे पडले. बोलता येईना. डोळ्यांनी मला खिडकी उघड म्हणून खुणावत होते आणि मी ती घट्ट लावून धरली होती. श्वास कोंडलेल्या माणसासमोर खिडकी लावून धरायची — हेही आलं नशिबात.

हॉस्पिटलमध्ये चिऊ धावत आली, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच. बापाचे पाय हातात घेऊन बसली. डॉक्टरांना असे नेमके प्रश्न विचारले की ते तिलाच डॉक्टर समजले. मग शेजारच्या पेशंटच्या बायकोने विचारलं, "कुठे नोकरीला असतेस गं?" चिऊने कार्ड ओढणीखाली सरकवलं. म्हणाली, "सरकारी ऑफिसात."

मला वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं. असं वाटलं, चला, लागलं कुठेतरी.

६ जानेवारी, शनिवार

ह्यांना घरी आणलं. सोबत ऑक्सिजनचं मशीन. पलंगाशेजारी घरघरत असतं, जुन्या फ्रिजसारखं. नाकात नळी. इस्त्री आता मीच करते. ते नुसते बघतात आणि कॉलर चुकली की बोटाने दाखवतात.

आज म्हणाले, "मशीन विजेवर चालतं ना? म्हणजे चिऊच्या कंपनीचीच वीज. बघ, पोरगी बापाला हवा पुरवते." आणि हसले. हसण्याने धाप लागली.

मी नळी सरळ केली. त्यांना खरंच गंमत वाटत होती की मला समजावत होते, ते कळेना.

१५ जानेवारी

वरच्या बाईंना हो सांगितलं. ह्यांना सांगितलं नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. लोक भिंतींना टेकून उभे. वर टेबलामागे सुनावणी घेणारे सरकारी साहेब, कंपनीचे तिघं, त्यात चिऊ. ह्यांना सांगून गेले होते की कापड आणायला जाते.

वरच्या बाई चांगलं बोलल्या. तक्ते दाखवले. साहेब घड्याळाकडे बघत होते. मुलांना पंप लागतात म्हणून एक बाप बोलला, तर कंपनीचा माणूस म्हणाला, याचा भट्टीशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही. अगदी डॉक्टरीणबाईंचं वाक्य. सगळे एकाच दुकानातून आणतात वाटतं.

मग माझं नाव पुकारलं. मी ह्यांच्या आजाराचं बोलणार होते. खरंच तेवढंच ठरवलं होतं. ओठांचा रंग, खिडकी, बंद बोर्ड. पण उभी राहिले आणि समोर तिला पाहिलं. खाली मान घालून लिहीत होती. जणू मी कुणीच नाही.

"मॅडमना एक विचारायचंय," मी म्हटलं.

साहेब म्हणाले, विचारा.

"मॅडम, तुम्ही सांगता हवा चांगली आहे. तुमचं आईबापांचं घर त्याच हवेत आहे. मग तुमची मुलगी आजोळी का येत नाही?"

आधी कुणाला कळलं नाही. मग कुजबुज मागपर्यंत गेली — ही त्यांची आई आहे, लाँड्रीवाली. साहेब म्हणाले, वैयक्तिक प्रश्न नकोत. लोक ओरडले, उत्तर द्या. चिऊने मान वर केली. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला खाली बसावंसं वाटलं.

मग माइक जवळ ओढला.

"नोंद घेतली आहे," म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! वरच्या बाईंनी मिठी मारली, "वहिनी, जिंकलंत तुम्ही."  मी मिठी सोडवून बाहेर पडले आणि रिकाम्या हाताने नको म्हणून थोडं कापड घेऊन घरी गेले.

२४ जानेवारी

ह्यांना कळलं. औषध पोचवायला आलेल्या माणसाने सांगितलं, कौतुकाने.

"तिला विचारायचंच होतं तर घरात विचारायचं होतंस."

मी म्हटलं, घरात विचारलं होतं.

"मग उत्तर मिळालं नाही हेच उत्तर होतं. ते कळलं होतं ना तुला? मग चारचौघांत कशाला उघडी पाडलीस तिला?"

एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला! प्रत्येक दोन शब्दांना थांबत होते. आणि मी पुरं होईपर्यंत ऐकत उभी. नंतर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

४ फेब्रुवारी, रविवार

आजही आली नाही. फोन उचलत नाही. ह्यांनी मला न सांगता तीन कप मांडून ठेवले होते. मी एक उचलून ठेवला. त्यांनी तो परत मांडला.

क्वार्टरवर जाऊन यावं असं मनात येतं. मग वाटतं, मी का जाऊ? माझ्या नवऱ्याचा श्वास गेला, मी का नाक घासू? मग वाटतं, ठकीला बघून किती दिवस झाले. मग इस्त्री तापते.

१९ फेब्रुवारी, सोमवार

दुसऱ्या भट्टीला मंजुरी. पत्रात लिहिलंय, 'नागरिकांच्या सर्व हरकतींची नोंद घेऊन'. नोंद! नोंदीच्याच राखेने काळं झालंय आमचं आकाश.

वरच्या बाई खाली आल्या होत्या. मला वाटलं, आता पुढे काय करायचं ते ठरवायला आल्या. तर सांगायला आल्या होत्या की त्या मुलाकडे राहायला जातायत, दुसऱ्या गावी. घराला गिऱ्हाईक मिळालं. "माझीही छाती भरते हल्ली, वहिनी. समजून घ्या." समजून घेतलं. चहा केला. जाताना त्यांचे तक्ते मला देऊ लागल्या. मी नको म्हटलं. कुठे ठेवू?

म्हणजे मी लेक घालवली, नवऱ्याचं बोलणं घालवलं, आणि बदल्यात मिळाली दुसरी चिमणी. बाईंना निदान मुलाकडे जाता येतं.

३ मार्च, रविवार

सकाळी बेल. दारात चिऊ, कडेवर झोपलेली ठकी, पायाशी दोन बॅगा. मंजुरीनंतर दुसऱ्या भट्टीच्या 'हवा सुरक्षित' अशा अहवालावर कंपनीने सही मागितली, तिने केली नाही. नोकरी गेली, नोकरीबरोबर क्वार्टरही. "दुसरीकडे कुठे जाणार, आई. इथेच राहावं लागेल आता."

आत ह्यांनी नळीसकट उठून बसायची धडपड केली.

ती उंबऱ्यातच उभी. आत येईना. ठकीच्या नाकातोंडावर ओढणी धरलेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "चालेल ना गं, ठकीला इथे?"

नाही म्हटलं असतं तर ती वळून गेली असती. कुठे, देव जाणे.

मी म्हटलं, "न चालायला काय झालं? ये आत. हवा काही एवढी वाईट नाही इथली."